गरीब वस्त्यांपर्यंत ताजी भाजी-फळं पोहोचवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय काढला की तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे, काही दोन ओळीत संपतात. वाचताना एक प्रश्न मात्र डोक्यात ठेवा, मी तरी प्रत्येक योजनेला आधी तोच विचारते: जी भाजी विकली गेली नाही किंवा ताटात तशीच राहिली, तिचे पैसे कोणाचे बुडाले? योजना टिकते की बंद पडते ते बऱ्याचदा याच्यावर ठरतं.

गरीब वस्तीत ताजा माल मिळत का नाही? लोक तर तिथेही राहतात, मग दुकानदार ठेवत का नाहीत?

दुकानदाराच्या बाजूने बघा. बिस्किटाचा पुडा महिनाभर फळीवर पडला तरी काही होत नाही, पण पालेभाजीची जुडी सकाळी आली की दुपारपर्यंत पानं मान टाकतात, मग तो वरून पाणी मारतो, पाण्याने तेवढ्यापुरती टवटवीत दिसते पण आत देठांजवळ ओल धरते आणि दुसऱ्या दिवशी जुडी सोडली की मधली पानं काळी आणि चिकट. त्या जुडीचे पैसे त्याने रोख मोजलेले असतात. गिऱ्हाईक थोडं, महिनाअखेरीला आणखी थोडं, म्हणून तो माल कमी आणतो. कमी आणतो म्हणून होलसेलचा भाव मिळत नाही आणि एवढ्याशा मालासाठी कोणी गाडीही पाठवत नाही. मग भाव चढतो, माल शिळा दिसतो, लोक घेत नाहीत, आणि पुढच्या वेळी तो अजून कमी आणतो.

हे चक्र आपोआप सुरू झालेलं नसतं हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या शहरांमध्ये १९३० च्या दशकापासून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना घरकर्ज पद्धतशीरपणे नाकारलं गेलं, पुढे पैसेवाली कुटुंबं उपनगरात गेली आणि मोठी दुकानं त्यांच्या मागे गेली. मागे राहिलेल्यांच्या हातात पैसा कमी आणि गाडीही नाही. आज तिथे दुकान नाही ते "मार्केट नाही" म्हणून, असं सांगणारे हा मधला भाग गाळतात, आणि मला ते अजिबात पटत नाही.

फूड डेझर्ट, फूड डेझर्ट म्हणतात ते काय असतं?

जिथे जवळपास परवडेल असा चांगला खाण्याचा माल मिळत नाही असा भाग. हा शब्द १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधून पुढे आला असं मानतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचं एक नेहमीचं माप असं आहे: गरीब वस्ती, आणि शहरात सुपरमार्केट १ मैलापेक्षा लांब किंवा ग्रामीण भागात १० मैलांपेक्षा लांब. नकाशा काढायला हे माप बरं पडतं. पण कडेवर मूल आणि हातात दोन जड पिशव्या घेऊन तो १ मैल चालणं वेगळं, गाडीतून जाणं वेगळं. बस तासाला एकदाच येत असेल किंवा मधे मोठा हायवे ओलांडायचा असेल तर कागदावर "जवळ" असलेलं दुकान लांबच. आणि दुकान अगदी समोर असूनही भाव आवाक्याबाहेर असेल तर नकाशात ते काहीच दिसत नाही.

मग वस्तीत एक मोठं सुपरमार्केट आणलं की झालं ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त पैसाही इथेच गेलाय. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने २००४ मध्ये अशा भागांत दुकानं यावीत म्हणून कर्ज आणि अनुदानाची योजना काढली, ८८ प्रकल्पांना मदत झाली, नवी दुकानं आली, जुनी सुधारली, लोकांना नोकऱ्या मिळाल्या. हे सगळं चांगलंच झालं. पण फिलाडेल्फियात असंच एक नवं सुपरमार्केट आल्यावर संशोधकांनी लोकांच्या खाण्यात काय फरक पडला ते तपासलं, तो अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. लोक म्हणाले की हो, आता जवळ माल मिळतो. फळं-भाज्या खाण्याचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने देशभरातल्या घरांच्या किराणा खरेदीचा मोठा डेटा बघितला आणि हिशोब असा निघाला की गरीब घरांना श्रीमंत घरांसारखीच दुकानं, तोच माल आणि तेच भाव मिळाले तरी दोघांच्या आहारातली दरी साधारण १० टक्केच कमी होईल.

याचा अर्थ दुकान नको असा काढू नका प्लीज. दोन बस बदलून भाजी आणणाऱ्या बाईचा अर्धा दिवस वाचतो ही गोष्ट आहाराच्या आकड्यात दिसली नाही तरी मोठीच आहे. अर्थ एवढाच की नुसतं दुकान उघडून ताट बदलत नाही, खिशाचं, वेळेचं आणि घरातल्या चुलीचं काय ते सोबतच बघावं लागतं.

म्हणजे लोकांनाच भाज्या नको असतात, असंच ना?

नाही, आणि हे वाक्य ऐकलं की मला खरंच त्रास होतो. हातात मोजके पैसे असलेली आई दुकानात उभी असते तेव्हा तिचा हिशोब बघा. नवीन भाजी घेतली आणि पोराने तोंड वाकडं केलं, तर पैसे गेले आणि वर पोरगं उपाशी. त्यापेक्षा जे तो नक्की खातो ते घेतलेलं बरं. लहान मुलांना नवीन चव आवडायला साधारण ८ ते १५ वेळा ती समोर यावी लागते, म्हणजे निदान ७-८ वेळा भाजी वाया जाऊ देण्याची ऐपत हवी. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते हा खर्च खर्च म्हणून मोजतही नाहीत, "खाईल हळूहळू" म्हणतात आणि उरलेलं टाकून देतात. बॉस्टन भागातल्या पालकांशी बोलून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात नेमकं हेच आढळलं, की कमी उत्पन्नाचे पालक मूल नाकारेल अशी वस्तू घ्यायचंच टाळतात. याला आवड नाही म्हणणं चूक आहे, तो अगदी विचार करून घेतलेला निर्णय आहे.

शिवाय वेळ. दोन शिफ्ट करून रात्री नऊला घरी आल्यावर निवडा, धुवा, चिरा, शिजवा... आणि शिजवायला गॅस किंवा वीज लागते, तेही बिल येतंच.

रोज नक्की किती खायला हवं?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी दिवसाला कमीत कमी ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, बटाटा-रताळ्यासारखे पिठूळ कंद यात धरत नाहीत. मुलांसाठी २ ते ५ वर्षांना २५० ग्रॅम, ६ ते ९ ला ३५० ग्रॅम, दहाव्या वर्षापासून ४००. पण ज्या घरात आज जवळजवळ शून्य आहे तिथे आधी एक फळ, एक भाजी, एवढं झालं तरी खूप झालं. ४०० चा आकडा तोंडावर फेकून काही होत नाही.

भाव कमी करावा की लोकांच्या हातात पैसे द्यावे?

दोन्ही चालतं, आणि इथे पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२ मध्ये एक प्रयोग झाला. सरकारी अन्न-मदतीच्या कार्डावर ठराविक फळं-भाज्या घेतल्या की प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट कार्डावर परत जमा. ज्यांना हे मिळालं ते बाकीच्यांपेक्षा २६ टक्के जास्त फळं-भाज्या खात होते. लेक्चर नाही, पोस्टर नाही, फक्त पैसे परत. डेट्रॉइटमध्ये २००९ पासून शेतकरी बाजारांत "डबल अप" नावाची योजना सुरू झाली, मदत-कार्डावरून जेवढ्याची खरेदी तेवढेच अजून फळं-भाज्यांसाठी मिळतात, पुढे ती बऱ्याच राज्यांत गेली. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये गरोदर बायका आणि लहान मुलांच्या घरांसाठी हेल्दी स्टार्ट योजना सुरू झाली, त्यात दूध, फळं, भाज्या, डाळी घेता येतात.

मला पैसे परत करण्याची पद्धत आवडते कारण त्यात पोराने भाजी टाकली तरी आईचं सगळं बुडत नाही, काही भाग तरी योजनेने सोसलेला असतो.

करताना बारीकसारीक गोष्टी बघा पण, तिथेच घोळ होतो. सूट बिलावर आपोआप लागली पाहिजे. वेगळं टोकन, वेगळी रांग, वेगळ्या रंगाचं कूपन असलं की मागच्या माणसाला कळतं आणि लाजेखातर लोक वापरतच नाहीत. कूपनची मुदत छोटी ठेवू नका. कूपन अगदी छोट्या रकमेचंही असावं, कारण पुष्कळ जण रोजचं रोज थोडंथोडं घेतात, आठवड्याचं एकदम घ्यायला पैसे आणि जागा दोन्ही नसते. दुकानदाराचे पैसे आठवड्याच्या आत मिळायला हवेत, त्याचे पैसे अडकले की तो कूपन घेणं बंद करतो आणि दोष योजनेवर येतो.

छोट्या दुकानदाराला ताजा माल ठेवायला तयार कसं करायचं?

पहिले काही महिने त्याचा तोटा वाटून घ्या. बाकी सगळं नंतर. न विकलेल्या मालाचे अर्धे पैसे प्रोजेक्ट देणार, पुढच्या टप्प्यात पाव, मग बंद, असं लिहून द्या. तोंडी आश्वासनावर कोणी माल भरत नाही, आणि भरू पण नये.

मग थंड जागा. छोटा काचेचा फ्रिज देणारे बरेच जण असतात पण त्याचं वीजबिल आणि रिपेअरिंग कोण बघणार हे कोणी ठरवत नाही, आणि थोड्या दिवसांत त्याच फ्रिजमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटल्या दिसतात कारण त्या खपतात आणि नासत नाहीत. त्याला नावं ठेवू नका, बिल कोणी भरायचं ते आधी ठरवा.

सुरुवात चिवट मालाने करा. कांदा, गाजर, कोबी, भोपळा, सफरचंद, संत्री हे दिवसचे दिवस टिकतात, तिथे नुकसान कमी. पालेभाजी आणि नाजूक फळं गिऱ्हाईक बसल्यावर, आणि तीही थोडी थोडी, रोज किंवा एक दिवसाआड. माल कुठे मांडलाय यानेही फरक पडतो, दाराशी उजेडात ठेवलेली टोपली विकली जाते, मागे कोपऱ्यात ठेवलेली तिथेच सडते. केळी आणि पिकलेली सफरचंद बाकीच्या मालापासून लांब ठेवायला सांगा, त्यातून इथिलीन वायू निघतो आणि शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. पाच-सहा दुकानांनी एकत्र ऑर्डर दिली तर होलसेलवाला गाडी पाठवतो, पण ही ऑर्डर गोळा करायला एक माणूस लागतो आणि त्याला पगार लागतो, "कोणीतरी करेल" म्हणून ठेवलं तर कोणीच करत नाही.

एक सरकारी मार्ग पण आहे. अमेरिकेत गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी "विक" (WIC) नावाची योजना आहे, त्यात २००९ पासून फळं-भाज्यांसाठी वेगळी रक्कम आली आणि योजनेत राहायचं तर दुकानात ठराविक माल ठेवणं गरजेचं झालं. कनेक्टिकटमध्ये पाहणी झाली तेव्हा छोट्या दुकानांत चांगला माल वाढलेला दिसला. गिऱ्हाईकाच्या हातात त्याच वस्तूसाठीचे पैसे असल्याने खपाची खात्री होती, म्हणून दुकानदार तयार झाला.

हातगाड्या, फिरत्या गाड्या, बसमधली दुकानं यांचं काय?

चालतात, आणि भाडं नसल्याने भावही कमी ठेवता येतो. न्यूयॉर्कने २००८ मध्ये ग्रीन कार्ट म्हणून १,००० पर्यंत परवाने काढले, अट अशी की फक्त न शिजवलेली, न कापलेली फळं-भाज्या विकायच्या आणि ज्या भागात लोक हे कमी खातात तिथेच उभं राहायचं. शिकागोत २०११ मध्ये एका जुन्या सिटी बसचं चालतं-फिरतं भाजी दुकान केलं, लोकांना ते आवडलं, पण २०१३ मध्ये पैशाअभावी थांबलं आणि २०१५ मध्ये परत सुरू करावं लागलं. मोठ्या गाडीचं असंच असतं, डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती हे सगळं भाजीच्या मार्जिनमधून निघत नाही, तो खर्च दुसरीकडून येणार हे पहिल्या दिवसापासून धरून चला.

मला सगळ्यात हुशार वाटते ती ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्ते शहराची पद्धत. १९९३ मध्ये तिथल्या महापालिकेने अन्नपुरवठ्याचं वेगळं खातंच काढलं. विक्रेत्यांना शहरात मोक्याच्या जागा दिल्या, बदल्यात दोन अटी: ठरलेल्या वस्तू बाजारापेक्षा कमी ठरलेल्या भावात विकायच्या, आणि वीकेंडला गाडी भरून शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत जायचं. म्हणजे चांगल्या जागेच्या धंद्यातून कमी धंद्याच्या जागेचा खर्च निघतो. रोख अनुदान फार लागत नाही, लागते ती जागा, आणि जागा नगरपालिकेकडे असतेच.

फिरत्या गाडीचा एकच नियम पक्का: ठरलेला वार, ठरलेली वेळ, पाऊस असो काही असो. दोनदा गाडी आली नाही की लोक तिसऱ्या वेळी पैसे बाजूला काढून ठेवत नाहीत.

घरात फ्रिज नाही, वीज जाते, अशा ठिकाणी काय?

मग आठवड्यातून एकदा येणारी गाडी किंवा मोठं खोकं उपयोगाचं नाही, थोडा माल पण वारंवार, असंच करावं लागेल. घरात किंवा टपरीवर थंडावा करायचा एक साधा उपाय आहे. मोठ्या मातीच्या भांड्यात छोटं मातीचं भांडं ठेवायचं, मधल्या फटीत वाळू भरायची, वाळू दिवसातून दोनदा पाण्याने भिजवायची, भाजी आतल्या भांड्यात आणि वर ओलं फडकं. पाणी बाहेरच्या भांड्यातून झिरपून वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. उत्तर नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९५ च्या सुमारास हे गावोगावी पोहोचवलं, त्यांना २००० मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला, तिथे वांगी ३ दिवसांऐवजी २७ दिवस टिकल्याची नोंद आहे. पण हे कोरड्या हवेत. दमट हवेत पाणी नीट वाळत नाही, तिथे फरक थोडाच पडतो, म्हणून आधी एक करून बघा आणि मग शंभर वाटा.

फ्रोझन किंवा डब्यातली भाजी चालेल का, की ताजीच पाहिजे?

चालेल, अगदी बिनधास्त. काढल्या काढल्या गोठवलेल्या भाजीत जीवनसत्त्वं चांगली टिकतात, उलट चार दिवस प्रवास करून आलेल्या "ताज्या" पालेभाजीतलं क जीवनसत्त्व बरंच गेलेलं असतं. डब्यातली घेताना मीठ आणि साखर कमी असलेली बघा, पाणी ओतून धुतली की मीठ थोडं कमी होतं. लागेल तेवढी काढता येते आणि वाया जात नाही, हा गरीब घरासाठी खूप मोठा फायदा आहे. ज्या योजना फक्त "ताजं" म्हणून अडून बसतात त्यांनी हा विचार करावा.

वस्तीतच भाज्या लावल्या तर?

लावा, पण सगळ्या वस्तीचं पोट त्यावर भरेल असं कोणाला सांगू नका. छोट्या जागेत पालेभाज्या, मिरची, टोमॅटो, शेंगा होतात, घराच्या खाण्यात भर पडते, पोरं स्वतः लावलेलं चाखून बघतात, शेजारीपाजारी एकत्र येतात. हे फायदे खरे आहेत.

जमीन आधी तपासून घ्या मात्र. शहरातल्या मोकळ्या जागेत जुन्या रंगाचं आणि पेट्रोलमधलं शिसं वर्षानुवर्षं मातीत पडून असतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते थोडं गेलं तरी वाईट. माती खराब निघाली तर उंच वाफे किंवा कुंड्या, खाली जाड कापड, वर बाहेरून आणलेली स्वच्छ माती. संशयाच्या जमिनीत पालेभाज्या आणि कंदमुळं टाळा, फळभाज्यांत शिसं त्यामानाने कमी उतरतं. भाजी धुणं, हात धुणं आणि मातीचे बूट घराबाहेर काढणं हेही तितकंच महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे जागेचा कागद. लोक वर्षभर घाम गाळून माती सुधारतात आणि मग जागा बिल्डरकडे जाते, हे फार ठिकाणी झालंय. निदान काही वर्षांचा लेखी करार असल्याशिवाय सुरू करू नका. नियमही बघून घ्या: लॉस एंजेलिसमध्ये रॉन फिनली यांनी २०१० मध्ये घरासमोरच्या फुटपाथलगतच्या पट्टीत भाज्या लावल्या तर शहराने नोटीस काढली, लोकांनी आवाज उठवला आणि पुढे शहराने तो नियम बदलला.

शाळेतून फळं दिली तर सवय लागते का?

देत राहिलो तर मुलं खातात. इंग्लंडमध्ये ४ ते ६ वर्षांच्या मुलांना शाळेत रोज एक फळ किंवा भाजी फुकट मिळते, अभ्यासात असं दिसलं की योजनेत असेपर्यंत मुलांचं फळ खाणं वाढतं आणि वय झाल्यावर योजना संपली की परत खाली येतं. मग लोक म्हणतात बघा, उपयोग नाही. अहो, जेवण दिल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी परत भुकेला होतो म्हणून जेवणाचा उपयोग नाही म्हणाल का? द्यायचं तर पुढच्या वर्गांतही द्या.

आणि शाळा ही मोठी गिऱ्हाईक आहे हे विसरू नका. ब्राझीलमध्ये २००९ च्या कायद्याने शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला कमीत कमी ३० टक्के भाग छोट्या कुटुंबशेतीकडून खरेदीसाठी ठेवणं सक्तीचं केलं. मुलांना ताजं मिळतं, शेतकऱ्याला खात्रीचं गिऱ्हाईक मिळतं, आणि रोज शाळेला जाणारी गाडी वाटेतल्या दुकानालाही माल टाकू शकते.

फुकट वाटप का करत नाही सरळ?

अडचणीच्या वेळी करा, जरूर करा. पण कायमचं फुकट वाटप वस्तीतल्या भाजीवाल्याचा धंदा मोडतं, आणि वाटप थांबलं की मागे काहीच उरत नाही. दुसरं म्हणजे वाटपात जे उरलंय ते येतं, एका आठवड्यात नुसता कोबी, पुढच्या आठवड्यात नरम पडलेले टोमॅटो, लोकांना निवड नाही. निवडू द्या, टेबलं मांडा, पिशव्या आधी भरून ठेवू नका, याने वाया पण कमी जातं. आणि जे तुम्ही तुमच्या घरी नेणार नाही ते देऊ नका.

एकत्र खरेदी किंवा ठरलेल्या खोक्याची योजना?

टोरांटोत फूडशेअर संस्थेने १९९४ मध्ये गुड फूड बॉक्स काढलं, लोक आधी पैसे भरतात, संस्था होलसेलला घेते, वस्तीतल्या ठरलेल्या ठिकाणांवरून खोकं न्यायचं. पैसे आधी आल्यामुळे किती माल लागणार ते पक्कं कळतं आणि नासाडी जवळजवळ होत नाही. अडचण एकच, ज्यांच्याकडे आधी भरायला पैसे नसतात ते बाहेर राहतात. त्यांच्यासाठी घेताना पैसे द्यायची सोय ठेवा, आणि खोकं छोट्या साइझमध्येही असू द्या.

स्वयंपाकाचे क्लास घ्यावेत का?

पैसे आणि माल दोन्ही हाताशी असेल तर मदत होते, नुसते क्लास घेऊन नाही. शिकवायला वस्तीतलीच बाई बोलवा आणि तिला मानधन द्या. वस्तीतल्या बायकांना कमी पैशात घर कसं चालवायचं ते आपल्यापेक्षा जास्त कळतं.

डॉक्टर भाजी लिहून देतात म्हणे?

हो, काही देशांत डायबेटिस, बीपी असलेल्या गरीब पेशंटना दवाखान्यातून फळं-भाज्यांचं व्हाउचर मिळतं, अमेरिकेत २०१८ च्या शेती कायद्याने अशा प्रकल्पांना निधी दिला. चांगलं आहे, फक्त आजारी पडल्यावरच भाजी मिळणार असं व्हायला नको.

स्वस्त विकायचं म्हणजे शेतकऱ्याला मारायचं का?

नाही, आणि तसं होत असेल तर ती योजना चुकीची. स्वस्ताई शेतकऱ्याच्या भावातून काढायची नाही, मधल्या नासाडीतून आणि वाहतुकीतून काढायची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे काढणीनंतर दुकानापर्यंत पोहोचेपर्यंतच जगातलं सुमारे १४ टक्के अन्न वाया जातं, आणि फळं-भाज्यांचं प्रमाण धान्यापेक्षा जास्त आहे. पोत्याऐवजी क्रेट, उन्हाऐवजी सावली, वाकडंतिकडं पण चांगलं फळ कमी भावात वेगळं विकणं, एवढ्याने पण फरक पडतो. बाकीची सूट सरकारच्या किंवा प्रकल्पाच्या पैशातून.

आमच्याकडे पैसे थोडेच आहेत. सुरुवात कुठून?

आधी विचारा, पण "तुम्हाला भाज्या आवडतात का" असलं नको, त्याला सगळे हो म्हणतात. मागच्या आठवड्यात भाजी कधी घेतली, कुठून, कशाने गेलात, काय घ्यायचं मनात होतं आणि का राहिलं, काय वाया गेलं, असं विचारा. संध्याकाळी कामावरून सुटण्याच्या वेळी वस्तीच्या तोंडाशी उभं राहून बघा लोक येताना काय घेऊन येतात. जे छोटे विक्रेते आधीच तिथे बसतात त्यांना सगळ्यात आधी भेटा, बऱ्याचदा नवीन काही उघडण्यापेक्षा त्यांना सावली, वजनकाटा, थोडं भांडवल आणि हुसकावलं न जाण्याची हमी मिळाली तर जास्त काम होतं. निर्णय घेणाऱ्या गटात वस्तीतली माणसं निम्म्याहून जास्त ठेवा, मीटिंग त्यांच्या सुट्टीच्या वेळेला घ्या आणि त्यांचा वेळ फुकट धरू नका. मग एकच गोष्ट निवडा, एक दुकान किंवा एक गाडी, आणि ती निदान एक पूर्ण वर्ष चालवा म्हणजे सगळे ऋतू बघून होतात.

खेड्यात, लांबच्या भागात हेच सगळं लागू पडतं का?

बरंचसं. फक्त अंतर मोठं आणि गिऱ्हाईक विखुरलेलं, म्हणून वेगळी गाडी परवडत नाही. जी गाडी आधीच जातेय, शाळेची, पोस्टाची, दुधाची, तिच्यासोबत माल पाठवता येतो का बघा. आणि शेतात भाजी पिकते म्हणून मजुराच्या घरी ती असतेच असं नाही, बऱ्याचदा सगळा माल सकाळीच शहराकडे गेलेला असतो.

काम होतंय की नाही ते मोजायचं कसं?

किती किलो वाटलं ते मोजू नका, ते आकडे रिपोर्टमध्ये छान दिसतात बस. किती घरं परत परत येतात, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किती येतात, दुकानदार मदत थांबल्यावरही माल ठेवतो का, आणि किती नासलं, हे चार बघा. वजन कमी झालं का, शुगर कमी झाली का असलं पहिल्या वर्षात शोधायला जाऊ नका, तेवढ्यात दिसत नाही आणि मग चांगली योजना उगाच नापास ठरते.

निधी संपला, बंद करायची वेळ आली तर?

आधी सांगा, निदान तीन महिने. लोकांकडची कूपनं शेवटच्या तारखेपर्यंत चालू ठेवा, आगाऊ भरलेले पैसे परत करा, विक्रेत्यांची बाकी चुकती करा. फ्रिज, काटे, क्रेट परत गोळा करू नका, ते तिथेच राहू द्या, आणि होलसेलवाल्याचा नंबर आणि ऑर्डरची वही दुकानदारांच्या हातात देऊन जा.